दुय्यम सेवा म्हणजे कमअस्सल सेवा का?

पाटीपेन्सिल :
आरोग्यव्यवस्थेवरची एक पुस्तिका मराठीत आणतेय. प्रायमरी केअरला ‘प्राथमिक सेवा’ बिनबोभाट बसलं. सेकंडरीला ‘दुय्यम’ लिहिलं तर तपासणाऱ्यांचा शेरा आला, ‘भूलतज्ज्ञ, सर्जन असलेलं रुग्णालय दुय्यम कसं?’ म्हणून ‘द्वितीय श्रेणी’ केलं. मग टर्शरी, म्हणजे त्याच्याही वरची अतिविशेष सेवा, ‘तृतीय श्रेणी’ झाली आणि हृदयशस्त्रक्रिया थेट थर्ड क्लासच्या डब्यात जाऊन बसली. काय करू?

तिरपागडे :
दुय्यमला उगाच नावं ठेवताय. फारसीतून आलेला साधा क्रमवाचक शब्द. दुय्यम निबंधक काय कमअस्सल असतो?

उंबरठा :
तो कुणाच्या तरी हाताखालीच असतो की! ‘दुय्यम वागणूक’ ऐकलंय ना? शब्द कुठून आला हे वाचणाऱ्याला कुठे दिसतं?

जुनीवही :
संस्कृत असताना फारसीच्या दारात कशाला जायचं? द्वितीयक, तृतीयक, आणि त्याच्याही वरच्या क्वाटर्नरीला चतुर्थक. सुटला प्रश्न.

तिरपागडे :
वहीकाका, आयुर्वेदात तृतीयक आणि चतुर्थक हे ताप आहेत. एक एक दिवसाआड येतो, दुसरा दोन दिवस सोडून. ‘तृतीयक रुग्णालय’ म्हणजे मलेरियाचा वॉर्ड वाटायचा.

जुनीवही :
ज्यांना ते ठाऊक आहे ते गोंधळणार नाहीत. बाकीच्यांना ठाऊकच नाही.

स्टेथो :
आकडे दर्जाचे नाहीतच, क्रमाचे आहेत. १९२० साली ब्रिटनमधल्या आरोग्यसेवेवरच्या डॉसन अहवालात ही मांडणी आहे : घराजवळ प्राथमिक केंद्रं, त्यांच्यामागे विशेषज्ञांची दुसरी केंद्रं, त्यांच्यामागे शिकवणारी मोठी रुग्णालयं.
‘सेकंडरी’ तसंच ठेवायचं असेल तर मात्र जपून. एका बाईंना म्हटलं, ‘यांना सेकंडरीला पाठवतोय’, तर त्या मटकन खालीच बसल्या. घरात आधी एकाचा कॅन्सर पसरला होता आणि तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, ‘सेकंडरीज आहेत.’ इथे साधा हर्निया होता. तेव्हापासून मी ‘मोठ्या दवाखान्यात’ एवढंच म्हणतो.

उंबरठा :
वा! मग तेच लिहा : जवळचा दवाखाना, मोठा दवाखाना, सगळ्यात मोठा दवाखाना.

स्टेथो :
मोठा म्हणजे खाटा जास्त असं नव्हे हो. पन्नास खाटांचं फक्त मेंदूविकाराचं रुग्णालय टर्शरीच. आणि ताई, ‘प्राथमिक’ तरी कुठे बसलंय? प्राथमिक उपचार म्हणजे पट्टी बांधणे. प्रायमरी केअरमध्ये मधुमेहाचा माणूस वर्षानुवर्षं त्याच डॉक्टरकडे येतो. शिवाय १९७८ च्या अल्मा-आटा या आंतरराष्ट्रीय आरोग्य जाहीरनाम्यातली ‘प्राथमिक आरोग्य सेवा’ आणखी वेगळी, तिच्यात पिण्याचं पाणी आणि पोषणसुद्धा येतं.

पाटीपेन्सिल :
अरे देवा. म्हणजे पहिलं प्रकरणही परत उघडायचं! मी ‘पहिला टप्पा, दुसरा टप्पा’ करू का?

तिरपागडे :
टप्पा नको. छातीत कळ आलेल्याने सगळे टप्पे घ्यायचे का? पातळी म्हणा.

जुनीवही :
स्तर.

उंबरठा :
स्तर मातीचे असतात. पण रेफरलला, म्हणजे रुग्णाला पुढच्या रुग्णालयात पाठवण्याला, ‘संदर्भ सेवा’ कुणी केलं? पाटी वाचून वाटतं आत कोश ठेवलेत.

तिरपागडे :
‘हवाला’ चाललं असतं. अर्थ चपखल, पण लोक पोलीस बोलावतील. बोलताना सगळे ‘पुढे पाठवलं’ म्हणतात आणि हातात ‘चिठ्ठी’ असते.

जुनीवही :
मूळ घोळ ‘केअर’चा आहे. अतिदक्षता विभागात तिची दक्षता होते, इथे सेवा, घरी काळजी. एकच शब्द घ्या, शुश्रूषा. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा.

उंबरठा :
मग बाह्यरुग्ण विभागात शुश्रूषा कुठे होते? दीड मिनिटात कोण काय ऐकणार?

स्टेथो :
आम्ही कानात नळ्या घालूनच बसतो, अजून किती ऐकायचं?

पाटीपेन्सिल :
वहीकाका, शुश्रूषेत पहिला श ऱ्हस्व ना? शाळेच्या पुस्तकात ‘शूश्रुषा’ पाहिल्यासारखं वाटतंय.