आर्मस्ट्राँगच्या मुलांनी पैसे घेतले त्यात लाज कसली? गुप्ततेबद्दल बोला

मांडवीकाठ
काल इथे एकाने लिहिलं, "नील आर्मस्ट्राँगच्या मुलांनी बापाच्या मरणावर साठ लाख डॉलर कमावले. नशीब, आपल्याकडे अजून माणुसकी आहे." हे वाचून इतका संताप आला की सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ऑगस्ट २०१२ मध्ये ओहायोतल्या एका रुग्णालयात आर्मस्ट्राँग यांची बायपास झाली. वय ८२. नंतर तात्पुरत्या पेसमेकरच्या तारा नर्सने काढल्या आणि आत रक्तस्राव सुरू झाला. रक्तदाब कोसळत असताना त्यांना थेट ऑपरेशन थिएटरमध्ये न नेता आधी कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्याच्या खोलीत) नेलं. २५ तारखेला ते गेले. लोकांना काय कळलं? शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत, एवढंच. २०१४ मध्ये रुग्णालयाने ते साठ लाख डॉलर देऊन कुटुंबाशी तडजोड केली, ती तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. जुलै २०१९ मध्ये कोणी तरी निनावी पाकिटातून कागद वर्तमानपत्राकडे पाठवले, तेव्हा उलगडा झाला.

मुलांनी पैसे मागितले यात मला काही गैर वाटत नाही. पण मधली पाच वर्षं त्याच शस्त्रक्रियेसाठी तिथे दाखल होणाऱ्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या अटीचा फायदा रुग्णालयाला झाला, भुर्दंड पुढच्या पेशंटला. माणुसकी मोजायचीच असेल तर इथे मोजा.

सासष्टीचा डॉक्टर
तडजोड म्हणजे गुन्ह्याची कबुली, हे तुम्ही गृहीतच धरलंत. आर्मस्ट्राँगच्या केसमध्ये दोन्ही बाजूंनी तज्ज्ञ नेमले होते आणि त्यांची मतं जुळली नाहीत. जॉन रिटर या नटाचं घ्या. २००३ मध्ये महाधमनी फाटून गेला. कुटुंबाने ६ कोटी ७० लाख डॉलरचा दावा ठोकला. रुग्णालयाने ९४ लाख देऊन विषय मिटवला, पण दोन डॉक्टर ज्युरीसमोर उभे राहिले आणि २००८ मध्ये निर्दोष सुटले. रुग्णालयं पैसे देतात कारण नामवंत माणसाची केस वर्षभर टीव्हीवर चालणं त्यांना परवडत नाही. तुम्ही मात्र त्या नर्सला आताच दोषी ठरवून मोकळे झालात.

आबोली
मग विनोदी कलाकार जोन रिव्हर्स? २०१४ ला न्यूयॉर्कच्या क्लिनिकमध्ये साधी एंडोस्कोपी करायला गेली, आठवड्याने गेली. मुलीने दावा लावला, २०१६ मध्ये तडजोड झाली, रक्कम गुप्त. तरीही आपल्याला कळलंच की नाडी-रक्तदाब बिघडताना कोणी वेळीच पाहिलं नाही आणि गुंगीत असताना तिचा फोटो काढला. का कळलं? सरकारी तपासणीचा अहवाल जाहीर झाला म्हणून. तडजोड गुप्त राहो, तपासणी उघडी हवी. गोव्यातल्या एखाद्या नर्सिंग होमचा असा अहवाल तुम्ही कधी वाचलाय?

केपेंकार
अमेरिका राहू द्या. आमच्याकडे खाजगीवाल्यांची पद्धत वेगळीच. पेशंट हाताबाहेर गेला की रात्री १०८ बोलावतात आणि बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पाठवतात. माझ्या भावोजींचं पित्ताशयाचं ऑपरेशन एका नर्सिंग होममध्ये झालं. दोन दिवस पोट फुगत होतं, म्हणे गॅस आहे. तिसऱ्या रात्री "वर न्या". पहाटे बांबोळीला वारले. मृत्यूची नोंद कुठली? बांबोळीची. नर्सिंग होमचं पान कोरं. बहीण आजही म्हणते, सरकारी हॉस्पिटलने मारलं.

रात्रपाळी
केपेंकारदादा, अगदी खरं. मी बांबोळीच्या कॅज्युअल्टीत नर्स होते. रात्री दोननंतर येणाऱ्या अशा पेशंटच्या हातात एक चिठ्ठी असते, वर दोन ओळी, खाली सही वाचता येत नाही. आणि नातेवाईक आमच्या अंगावर धावून येतात. मंत्रीसुद्धा कॅमेरा घेऊन येतात ते आमच्याकडेच. जून २०२५ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर आमच्या डॉक्टरला झापलं, विसरलात?

सासष्टीचा डॉक्टर
हा धागा तडजोडीवर आहे ना? सगळे खाजगी डॉक्टर मढी बांबोळीला पाठवतात असं म्हणणार असाल तर मी निघतो. आयसीयू नसलेल्या ठिकाणी गुंतागुंत झाली तर पाठवायचं नाही, मग करायचं काय? उशीर केला तरी शिव्या, लवकर पाठवलं तरी "पैसे घेऊन हाकलला".

केपेंकार
तुम्ही निघा हो. भावोजी निघाले तसे नका जाऊ, एवढंच.

मांडवीकाठ
केपेंकार, हे बोलणं बरं नव्हे. पण डॉक्टरसाहेब, त्यांनी विचारलंय ते दोन दिवसांबद्दल, पाठवण्याबद्दल नाही. त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

वकील, फोंडा
केस पेपर मागितले होते का? वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे अर्ज केल्यावर ७२ तासांत ते द्यावेच लागतात, पण सांभाळण्याची सक्ती तीनच वर्षांची. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं. लोक माझ्याकडे येतात ते वर्षश्राद्ध उरकून, तोवर अर्धा वेळ संपलेला असतो. चुकीच्या उपचारांच्या गाजलेल्या खटल्यातल्या अनुराधा साहा १९९८ मध्ये गेल्या. नवरा स्वतः डॉक्टर, कागद हातात, तरी सर्वोच्च न्यायालयाचा सुमारे सहा कोटींचा निकाल यायला २०१३ उजाडलं.

आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालाप्रमाणे सगळ्यांना फुकट उपचार देणारं सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर. पण काहींकडून पैसे घेतले तर फुकटवालेही आत येतात. बांबोळीला २०१८ पासून बिगरगोमंतकीयांना शुल्क आहे. म्हणजे गोंयकारालाही तिथे ग्राहक म्हणून उभं राहता येतं, असा युक्तिवाद मी करीन.

रात्रपाळी
करा, वकीलसाहेब. म्हणजे परत खटला आमच्यावरच, आणि चिठ्ठी लिहिणारा घरी झोपलेला.

वकील, फोंडा
बाई, तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करता येतं. आणि आलेला पेशंट कोणत्या अवस्थेत होता ही तुमच्या कॅज्युअल्टीची नोंदच नर्सिंग होमविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा असते. ती वेळ घालून, सविस्तर लिहा.

सासष्टीचा डॉक्टर
पोट दोन दिवस फुगत असेल आणि सोनोग्राफी झाली नसेल, तर चूक झाली. झाली असेल तर कागद बघितल्याशिवाय बोलणार नाही. यापेक्षा जास्त माझ्याकडून मिळणार नाही. आणि तपासणी अहवाल जाहीर करायला माझी हरकत नाही, फक्त सरकारी रुग्णालयांचेही करा.

आबोली
मान्य. सगळ्यांचे.

केपेंकार
भावोजींना जाऊन चौदा महिने झाले. वकीलसाहेब, अर्ज नर्सिंग होमला द्यायचा की बांबोळीला?

वकील, फोंडा
दोन्हीकडे. बहिणीच्या सहीने, आणि पोच घ्या. या आठवड्यात.