चर्चा: जवानाच्या आजाराचा सेवेशी संबंध कुणी सिद्ध करायचा?

शिरोळकर
भरतीच्या वेळी छाती, कान, डोळे, हाडं तपासून पोराला 'फिट' लिहितात. वीस वर्षांनी त्यालाच बीपी निघाला की रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे फौज सोडताना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचा, शेरा ठरलेला: सेवेमुळे झाला नाही, सेवेनं वाढलाही नाही. आपल्या सैनिक टाकळीसारख्या गावांत या एका ओळीनं कितीतरी घरांचं अपंगत्व पेन्शन अडतं. माझं मत स्पष्ट आहे. पुरावा जवानाकडं मागूच नये. 2013 च्या धरमवीर सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं: भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, आणि वेगळं म्हणायचं असेल तर बोर्डानं कारणं लिहायची.

गडहिंग्लजकर
निकाल मान्य, पण त्याचा अर्थ सरसकट लावू नका. चाळिशीत बीपी-शुगर फौजेबाहेरही होतेच की. सुट्टीत गावाकडं मोटारसायकल घसरून पाय मोडला, तर नोकरीत होता एवढ्यावर भागत नाही. अपघाताचा फौजी कामाशी दुवा लागतो. सियाचीनला हिमदंशानं बोटं गेलेला आणि शांत ठाण्यात (पीस स्टेशनला) शुगर झालेला एकाच मापानं मोजला, तर पहिल्यावर अन्याय होतो.

शिरोळकर
शांत ठाण्यातही रात्रीची गार्ड, अपुरी झोप, घरापासून लांब राहणं सुटत नाही. हृदयविकारात बोर्ड झटक्याआधीच्या 14 दिवसांच्या ड्युटीचा तक्ता बघतं. वर्षानुवर्षं साठलेला ताण 14 दिवसांत कसा दिसणार?

टेंबलाईवाडी
दोघांच्या वादात कागद मागं पडतोय, आणि बहुतेक केसा तिथंच मार खातात. अट दुहेरी आहे: सेवेशी संबंध हवा आणि अपंगत्व किमान 20 टक्के हवं. संबंध मान्य झाला आणि 15 टक्के लिहिलं, तरी अडलं. 100 टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम मिळते, बाकीच्यांना त्या प्रमाणात. 20 किंवा त्याच्या पुढं पण 50 च्या आत असेल तर ते 50 धरतात. मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही हे लागू असल्याचं 2014 च्या राम अवतार निकालानं पक्कं झालं. म्हणजे पगार 40,000 आणि अपंगत्व 30 टक्के असेल, तर 3,600 ऐवजी 6,000.

दुखापत झाली की त्याच वेळी इन्ज्युरी रिपोर्ट करून घ्या. सुट्टीत खासगी दवाखान्यात उपचार घेतले आणि युनिटला कळवलंच नाही, तर फौजेच्या कागदावर तो आजार उशिरा उगवतो. कॅटेगरी लागली, म्हणजे आजारामुळं वैद्यकीय श्रेणी खाली आली, तेव्हा पोस्टिंग कुठं होतं, ते मेडिकल बोर्डाच्या कागदावर नीट आलंय का बघा. बाहेर पडताना बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत घ्याच. दावा फेटाळला तर पहिलं अपील सहा महिन्यांत, मग दुसरं, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्याला मुंबईचं खंडपीठ.

गडहिंग्लजकर
कारणं न देता शेरा मारू नये, एवढं मीही मानतो. पण शिरोळकर, 'पुरावा द्यायचाच नाही' हे ऐकून कुणी निवांत बसेल. अपंगत्व पेन्शनच्या 2008 च्या नियमांत निवृत्तीनंतर 15 वर्षं उलटली की सिद्ध करायचा भार दावेदारावर येतो.

टेंबलाईवाडी
शिवाय उशिरा गेलात तर थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीनच वर्षांची मिळते. आणि 21 सप्टेंबर 2023 नंतर बाहेर पडलेल्यांनी जुने निकाल दाखवण्याआधी नवे नियम वाचावेत, त्यांची केस त्यावर बघतात.