पंतप्रधान सचिवालय: घसरण १९६४ ला सुरू झाली की १९४७ लाच?

साउथब्लॉक (धागालेखक)

दिल्लीत सगळं पंतप्रधान कार्यालयात एकवटलं अशी तक्रार निघाली की बोट इंदिरा गांधींकडे जातं. माझ्या मते खरी तारीख त्याच्या आधीची आहे: जुलै १९६४. त्या महिन्यात लालबहादूर शास्त्रींनी एल. के. झा या आयसीएस अधिकाऱ्याला 'पंतप्रधानांचे सचिव' म्हणून आणलं. सतरा वर्षं जे सचिवालय टपाल आणि नस्त्या (फायली) सांभाळत होतं, ते तिथून पुढे धोरणात बोलू लागलं.

आधीची घडी कशी होती ते बघा. सप्टेंबर १९४६ च्या हंगामी सरकारात नेहरू पंतप्रधान नव्हतेच. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे उपाध्यक्ष होते आणि बैठकीला अध्यक्ष म्हणून वेव्हेल बसत. त्याच महिन्यात कार्यकारी मंडळाच्या सचिवालयाचं मंत्रिमंडळ सचिवालय झालं. पंतप्रधानांचं स्वतःचं सचिवालय आलं १५ ऑगस्ट १९४७ ला, आणि तेही गव्हर्नर जनरलच्या वैयक्तिक सचिवाकडची कामं उचलून. पहिले मुख्य खासगी सचिव एच. व्ही. आर. अय्यंगार, त्याआधी संविधान सभेचे सचिव. पुढे ए. व्ही. पै, धर्मवीर, के. राम वगैरे आले. या पदाचा दर्जा साधारण सहसचिवाचा, म्हणजे खात्याच्या सचिवाखालचा.

हा दर्जाच मला कळीचा वाटतो. वित्त सचिवाने सही केलेल्या टिपणीवर सहसचिव स्वतःचं मत लिहीत नाही. राहिलेली माहिती मागवतो, सारांश जोडतो, पंतप्रधानांचा शेरा खात्याला कळवतो. खात्याचं मत खात्याचंच राहतं आणि मतभेद असेल तर तो दोन मंत्र्यांत होतो. झा आले ते अर्थखात्यातून, आणि सचिव दर्जाने. आता खात्याच्या टिपणीशेजारी तितक्याच वजनाची दुसरी टिपणी बसू लागली. तिच्यावर मंत्र्याची सही नाही, म्हणजे संसदेत तिचं उत्तर द्यायला कुणी नाही. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. तेव्हा इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या आणि झा त्यांचे सचिव. विषय मोजक्या लोकांत शिजला आणि मंत्रिमंडळापुढे अगदी शेवटी आला. १९६७ मध्ये झांच्या जागी पी. एन. हक्सर आले, आणि १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणापर्यंत रस्ता रुळला होता.

फिरती_टिपणी

तारखा बरोबर, निष्कर्ष चुकीचा. नेहरूंचं सचिवालय लहान दिसतं, कारण त्यांचं अर्धं काम दुसऱ्या दारावरच्या पाटीखाली चालायचं. परराष्ट्र खातं सतरा वर्षं त्यांच्याकडेच. त्या खात्यात सचिवांच्याही वर महासचिव हे पद होतं: आधी गिरिजाशंकर बाजपेयी, मग एन. आर. पिल्लई. इतका ज्येष्ठ माणूस हाताशी असताना वेगळ्या वजनदार सचिवाची गरज कशाला पडेल? शास्त्रींनी जुलै १९६४ मध्येच परराष्ट्र खातं स्वर्णसिंगांकडे दिलं. त्याच महिन्यात झा आले. या दोन गोष्टी सुट्या वाचता येत नाहीत.

१५ मार्च १९५० ला मंत्रिमंडळाच्या ठरावाने नियोजन मंडळ निघालं. त्याला ना कायदा, ना घटनेत कलम, आणि अध्यक्ष पंतप्रधान. अर्थमंत्री जॉन मथाई यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला. त्यांच्या आक्षेपांत हे मंडळ ठळक होतं: अर्थखात्याच्या डोक्यावर दुसरं मंत्रिमंडळ बसतंय. यात झा कुठेच नाहीत.

मराठी वाचकांनी तर आपल्या दोन माणसांचे राजीनामे शेजारी ठेवून वाचावेत. पहिला डॉ. आंबेडकरांचा. ३० डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनीच सांगितलं होतं की पंतप्रधान हा मंत्रिमंडळाच्या कमानीतला कळीचा दगड आहे, आणि सामूहिक जबाबदारी राखायचं साधन तोच आहे. तीन वर्षंही झाली नव्हती तोवर, ऑक्टोबर १९५१ मध्ये, राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी काय नोंदवलं? परराष्ट्र आणि संरक्षण या मुख्य समित्यांवर मला घेतलं नाही. कामकाज समित्यांत चालतं आणि मंत्रिमंडळ म्हणजे आधीच झालेल्या निर्णयांची नोंद करणारी कचेरी झाली आहे.

दुसरा चिंतामणराव देशमुखांचा. ३ जून १९५६ ला नेहरूंनी मुंबईतच जाहीर केलं की मुंबई केंद्रशासित राहील. जुलैत लोकसभेतल्या निवेदनात देशमुखांनी पद्धतीवर बोट ठेवलं: प्रस्ताव मंत्रिमंडळाच्या बैठकीत आला नाही, फिरत्या टिपणीनेही (बैठकीऐवजी मंत्र्यांकडे फिरवलेल्या कागदाने) आला नाही, आणि ज्यांचा प्रश्नाशी थेट संबंध त्या माझ्यासारख्या मंत्र्यालाही विचारलं नाही. हे बोलत होते देशाचे अर्थमंत्री, कुलाब्यातून निवडून आलेले. पंतप्रधान सरकारचं धोरण मांडू शकतो, असा नेहरूंचा पवित्रा होता. त्या वेळी सचिवालयाचा प्रमुख तुमच्या लाडक्या सहसचिव दर्जाचाच होता.

साउथब्लॉक

मथाई, आंबेडकर, देशमुख ही तिन्ही उदाहरणं मान्य. पण ती पंतप्रधानाच्या राजकीय वजनाची उदाहरणं आहेत, कार्यालयाची नाहीत. देशमुखांना तक्रार करता आली ती पंतप्रधानांविरुद्ध, उघड, लोकसभेत, कारण बोलणारा माणूस समोर बसला होता. टिपणी लिहिणाऱ्या सचिवाविरुद्ध कुठला मंत्री लोकसभेत बोलेल?

कार्यालयाने पायरी ओलांडली तर काय व्हायचं, त्याचं उदाहरण अजमेरचं आहे. अजमेर-मेरवाडा हा मुख्य आयुक्ताचा प्रांत, थेट केंद्राखाली, म्हणजे सरदार पटेलांच्या गृहखात्याखाली. डिसेंबर १९४७ मध्ये तिथे दंगल झाली. नेहरू स्वतः जाणार होते. ते जमलं नाही म्हणून त्यांनी अय्यंगारांना पाठवलं. वरवर साधी पाहणी. पण पंतप्रधानांचा मुख्य खासगी सचिव येऊन नुकसान बघतो, लोकांना भेटतो, तेव्हा मुख्य आयुक्त शंकर प्रसाद यांच्यावर चौकशी बसली असाच त्याचा अर्थ झाला. पटेलांनी लगेच हरकत घेतली: अधिकारी माझ्या खात्याचा, मला विचारलं का? वाद गांधीजींपर्यंत गेला. नेहरूंचं टिपण ६ जानेवारी १९४८ चं: पंतप्रधानाला हवं तेव्हा हवं तसं पाऊल उचलता आलं नाही तर तो नावापुरता उरेल. पटेलांचं उत्तर १२ जानेवारीचं: तो समानांत पहिला, त्याने मंत्र्यांत मेळ घालावा, खात्याचा निर्णय फिरवू नये. निवाडा व्हायच्या आत ३० जानेवारी उजाडली, आणि दोघांनी वाद मिटवला नाही, बाजूला ठेवला. पण त्यानंतर सचिवालय जपून वागलं. अय्यंगार तर पुढे पटेलांचेच गृहसचिव झाले.

फिरती_टिपणी

अजमेर तुमच्या विरुद्ध जातं. दर्जा सहसचिवाचा असूनही अय्यंगार गेले, आणि मुख्य आयुक्त हादरला. पंतप्रधानाच्या नावाने आलेल्या माणसाचा दर्जा कुणी बघत नाही. एम. ओ. मथाई हे नेहरूंचे विशेष साहाय्यक, त्यांना तर आयसीएसची सेवाज्येष्ठताही नव्हती. तरी जानेवारी १९५९ मध्ये त्यांना जावं लागेपर्यंत त्यांच्या टेबलावरून कागद पुढे सरकायचा की थांबायचा, याची चिंता मंत्र्यांना असे. अनौपचारिक माणसाच्या शब्दाची नस्तीत नोंद राहत नाही. झांच्या टिपणीखाली निदान सही आणि तारीख तरी असते.

रावीकाठ

दोघेही दिल्लीतच अडकलात. त्याच दिवसांत, त्याच नोकरशाहीतून निघालेलं दुसरं पंतप्रधानपद पाकिस्तानात, कराचीत होतं. ते का मोडलं ते बघा.

तिथे जिना गव्हर्नर जनरल झाले आणि मंत्रिमंडळाच्या बैठकांना तेच अध्यक्ष असत. लियाकत अली पंतप्रधान, पण बैठक दुसऱ्याची. शिवाय सगळ्या सरकारासाठी महासचिव असं पद काढलं आणि त्यावर चौधरी मुहम्मद अली बसले. सगळ्या खात्यांचे सचिव त्यांच्याकडे जमत, कुठल्याही नस्तीला त्यांची वाट. म्हणजे समन्वयाचं केंद्र पंतप्रधानाच्या बाहेर तयार झालं. ऑक्टोबर १९५१ मध्ये लियाकत यांची हत्या झाल्यावर त्या केंद्रातली माणसं वर सरकली: अर्थमंत्री गुलाम मुहम्मद, मूळचे लेखासेवेतले, गव्हर्नर जनरल झाले. एप्रिल १९५३ मध्ये त्यांनी पंतप्रधान ख्वाजा नझिमुद्दीन यांना बडतर्फ केलं, तेही त्यांचं अंदाजपत्रक विधिमंडळाने नुकतंच मंजूर केलेलं असताना. ऑक्टोबर १९५८ पर्यंत सात पंतप्रधान झाले आणि मग लष्करी कायदा आला.

भारतातही १९४७ च्या सप्टेंबरात हीच वाट उघडली होती. दिल्ली-पंजाबच्या दंगलींसाठी निघालेल्या आणीबाणी समितीचं अध्यक्षपद नेहरू-पटेलांच्या विनंतीवरून गव्हर्नर जनरल माउंटबॅटनकडे गेलं, संरक्षण समितीचंही तेच. माउंटबॅटन जून १९४८ मध्ये गेले, राजगोपालाचारी आले, आणि खुर्ची पंतप्रधानाकडे परत आली. परत आल्यावर ती धरून ठेवायला हाताखाली कचेरी लागते. नव्या देशात ती दुबळी ठेवणं हा मला धोकाच वाटतो.

साउथब्लॉक

पाकिस्तानात महासचिव बलवान होता म्हणून पंतप्रधान पडला. मी नेमकं हेच म्हणतोय: निवडून न आलेल्या माणसाच्या हाती समन्वय दिला की असं होतं. तो पंतप्रधानाच्या बाहेर बसला काय आणि शेजारच्या खोलीत बसला काय.

रावीकाठ

फरक आहे. शेजारच्या खोलीतल्याला पंतप्रधान बदलू शकतो. १९६७ मध्ये झांना बदलायचं ठरलं आणि ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. कराचीतला महासचिव मात्र १९५५ मध्ये स्वतःच पंतप्रधान झाला.

तिसरी_अनुसूची

नियमांची पुस्तकं उघडल्याशिवाय हा वाद पुढे जाणार नाही. दोन नियमावल्या आहेत, दोन्ही १९६१ च्या, घटनेच्या अनुच्छेद ७७(३) खाली निघालेल्या. एक खात्यांत कामं कशी वाटायची त्याची, दुसरी काम कसं चालवायचं त्याची. पहिलीत पंतप्रधान सचिवालयाला खात्याचा दर्जा आहे, पण काम एका ओळीचं: पंतप्रधानांना सचिवीय साहाय्य देणं. त्याच्या हाताखाली संलग्न किंवा दुय्यम कार्यालय एकही नाही. ही ओळ झा आल्यावर बदलली नाही, हक्सर आल्यावरही नाही.

दुसरीत खरा कस आहे. तिच्या अनुसूचींत लिहिलंय की कुठल्या समित्या असतील, कुठली प्रकरणं मंत्रिमंडळापुढे आणायचीच, आणि कुठली पंतप्रधान व राष्ट्रपतींकडे पाठवायची. नेहमीची वाट अशी: खातं मसुदा करतं, संबंधित खात्यांचे अभिप्राय घेतं, मंत्री मान्यता देतो, मंत्रिमंडळ सचिवालय टिपणी सगळ्या मंत्र्यांना पाठवतं, बैठक होते, इतिवृत्त निघतं. यात वित्त किंवा कायदा खात्याचा अभिप्राय राहिला तर टिपणी परत येते, किंवा बैठकीत तो मंत्री हरकत घेतो. म्हणूनच घाईत असलेल्याला ही वाट लांब वाटते. आणि ती टाळायची सोय त्याच नियमावलीत आहे: नियम १२. आवश्यक वाटेल तिथे पंतप्रधान या नियमांपासून फारकत घ्यायला परवानगी देऊ शकतो. मंत्रिमंडळाने मागाहून कार्योत्तर मान्यता द्यायची.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लावताना हेच झालं. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना गेलेल्या पत्रात इंदिरा गांधींनी लिहिलं की आज रात्री मंत्रिमंडळापुढे विषय नेणं शक्य नाही, म्हणून नियम १२ खाली फारकतीला परवानगी देत आहे, उद्या सकाळी सर्वात आधी मंत्रिमंडळाला सांगेन. गृहखात्यात त्या विषयाची नस्ती नाही. गृहमंत्री ब्रह्मानंद रेड्डींना रात्री बोलावून सांगितलं. मंत्रिमंडळ सचिव बी. डी. पांडे यांना कळलं ते पहाटे, सहाच्या बैठकीचा फोन आला तेव्हा. बैठकीपूर्वीच अटका झाल्या होत्या.

साउथब्लॉक, या साखळीत तुम्ही ज्याला दोष देताय ते सचिवालय कुठे आहे? हक्सर १९७३ मध्येच बाहेर पडले होते. सचिव पी. एन. धर यांनाही उशिरा, त्याच रात्री कळलं. सगळं झालं सफदरजंग रोडच्या निवासस्थानातून, राजकीय सल्लागार आणि खासगी साहाय्यकांच्या हातून. सचिवालय त्या रात्री बलवान असतं तर कुणीतरी टिपणीवर लिहिलं असतं की १९७१ च्या युद्धाची आणीबाणी अजून लागू आहे, दुसरी कशासाठी?

साउथब्लॉक

नियम १२ चा मुद्दा जड आहे आणि निवासस्थानाचाही, तेवढं मान्य करतो. पण १९६४ मी सोडत नाही. एकदा पंतप्रधानाशेजारी निर्णय शिजवायची सवय लागली की तो सचिवाच्या खोलीत शिजतो की घरच्या दिवाणखान्यात, हा पुढचा प्रश्न. अर्थखात्याला वळसा घालता येतो हे १९६६ ला दिसलं. गृहखात्याला वळसा ही त्याच वाटेवरची पुढची पायरी.

मोरारजी देसाईंनाही हे दिसत होतं. १९७७ मध्ये पंतप्रधान झाल्यावर त्यांनी सचिवालयाचं नाव बदलून 'पंतप्रधान कार्यालय' केलं, व्याप आवरायचा प्रयत्न केला, आणि प्रधान सचिव म्हणून व्ही. शंकर यांना आणलं. हे शंकर म्हणजे सरदार पटेलांचे खासगी सचिव. अजमेरच्या वादात पटेलांच्या बाजूचे कागद ज्यांच्या टेबलावरून गेले, तो माणूस तीस वर्षांनी पंतप्रधानांच्या शेजारी बसला.

फिरती_टिपणी

आणि बसला प्रधान सचिव म्हणून, सहसचिव म्हणून नाही. मोरारजींनीही घड्याळ १९४७ वर नेलं नाही, कारण कामाचा पसारा तेवढा राहिलाच नव्हता.

मोरारजींच्या सरकारने जे खरं टिकाऊ केलं ते कार्यालयात नव्हतं, अनुच्छेद ३५२ मध्ये होतं. ४४ व्या दुरुस्तीने लिहून ठेवलं की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणीची उद्घोषणा काढणार नाहीत. 'मंत्रिमंडळ' म्हणजे कॅबिनेट या अर्थाचा शब्द आपल्या घटनेत पहिल्यांदा आला तो तिथे. त्याआधी सगळीकडे फक्त मंत्रिपरिषद (सगळे मंत्री मिळून) होती. त्या एका विषयात नियम १२ आता चालत नाही. बाकी विषयांत अजून चालतो.