प्रतिसाद: दोन वर्षांचं कॉलेज म्हणजे दुय्यम नव्हे

वर काकांनी लिहिलंय की कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला राहणाऱ्या भाचीला ॲग्रीबिझनेस, म्हणजे शेतीचा व्यवसाय शिकायचाय, पण 'कम्युनिटी कॉलेजात (तिथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) कशाला जायचं, तिथे कुणालाही प्रवेश मिळतो'. काका, मला हे अजिबात पटत नाही.

प्रवेश सगळ्यांना खुला असतो, हे खरं. पण तोच तर त्या कॉलेजांचा मोठेपणा आहे! ती कॅलिफोर्नियाची रहिवासी असेल तर फी एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर. ६० युनिटची दोन वर्षांची पदवी धरा, म्हणजे २,७६० डॉलर. पुस्तकं आणि राहणं वेगळं. बाहेरून व्हिसावर येणाऱ्यांना मात्र कितीतरी पट जास्त पडतं, तेव्हा पुतण्या-भाच्यांना इथून पाठवताना हा हिशोब लावू नका.

शिकवतात काय? हिशेब, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि सोबत शेतीचे विषय. ट्रान्सफरची, म्हणजे पुढे विद्यापीठात जाता येईल अशी पदवी नीट निवडली तर पुढची दोन वर्षं कॅल स्टेटच्या (राज्याच्या सरकारी विद्यापीठांच्या समूहातल्या) एखाद्या विद्यापीठात करता येतात. आवडीचंच विद्यापीठ मिळेल असं नाही, म्हणून पहिल्याच सत्रात समुपदेशकाला भेटून विषय ठरवायला सांगा. इथे चुकलं की वर्ष जातं.

आणि जागा तरी बघा. फ्रेस्नोभोवती बेदाण्याच्या द्राक्षांचे मळे, बदामाच्या बागा; शेजारच्या टुलेरीत दुधाचे प्रचंड गोठे, दर फेब्रुवारीत तिथे जगभरच्या शेतीयंत्रांचं प्रदर्शन भरतं. आपल्या तासगाव-नाशिकच्या बागायतदाराला जे भाव, साठवण, पाणी यांचे प्रश्न छळतात, तेच ती तिथे रोज बघेल. जाऊ द्या तिला.