मुखवटावाल्या हिरोचा फिलिपिनो पिच्चर पाहिला, आता आमच्या पिच्चरचं सांगा

केळीबागेचा_वाघ (चोपडा)
राम राम मंडळी. आम्ही मित्र मिळून यूट्यूबसाठी अहिराणीत पिच्चर करतोय. विहिरीवरच्या मोटारी, केबली चोरणाऱ्यांना मुखवटावाला हिरो चोपतो, असं कथानक. हिरो ट्रॅक्टरच्या शोरूमला कामाला, त्याला फक्त रविवारी सुट्टी. कोणीतरी म्हणालं, मुखवट्यामुळे पैसा वाचतो, फिलिपाइन्सचे जुने स्वस्तातले पिच्चर बघ. म्हणून १९६६ चा ‘जेम्स बॅटमॅन’ पाहिला. डॉल्फी नावाचा विनोदी नट एकटाच जेम्स बाँडही होतो आणि बॅटमॅनही! हसलो खूप. पण मुखवट्यामुळे पैसा नेमका कुठे वाचतो? आणि रेक्झिनच्या मुखवट्यात आमच्या पोराला भोवळ येते, त्याला काय करू?

देवपूरचा_शूटिंगवाला (धुळे)
मी लग्नाचं शूटिंग करतो. त्याआधी व्हिडिओ पार्लरवर कॅसेटी लावायचो, तेव्हा असला माल भरपूर पाहिलाय. तो मनिलाचा आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

पैसा वाचतो तारखांत. क्लोजअपला तुमचा ट्रॅक्टरवाला लागेल. पाठमोरा, पळताना, बांधावरून उडी मारताना कोणीही चालतो, फक्त खांदे आणि चाल जुळली पाहिजे. हे सगळं आठवडाभर उरकून घ्या, रविवार चेहऱ्यासाठी राखा. तिकडे तर एका हिरोला उघड उघड दोन नट वापरलेत. ‘कॅप्टन बार्बेल’च्या १९८६ च्या सिनेमात किडकिडीत पोरगा हर्बर्ट बाउटिस्टा, आणि बार्बेल (कसरतीचा वजनी दांडा) उचलला की त्याचा एडू मान्झानो होतो. (बाउटिस्टा पुढे क्वेझोन सिटीचा महापौर झाला. तिथे नट राजकारणात आपल्यापेक्षा जास्त!)

दुसरी बचत आवाजाची, आणि इथे डॉल्फीची नक्कल करू नका. त्याच्या मुखवट्यात तोंड उघडं आहे. तो विनोदी नट, त्याची सगळी कमाई तोंडाच्या हालचालीत. तुमचा हिरो गंभीर असेल तर कापड हनुवटीपर्यंत येऊ द्या. ओठच दिसले नाहीत तर संवाद नंतर घरी गोधडीत बसून मोबाइलवर रेकॉर्ड करता येतात. केळीच्या बागेत वारा सुटला की पानं अशी फडफडतात की जागेवर घेतलेला एक शब्द धड ऐकू येत नाही. चोरांचे संवाद मात्र जागेवरच घ्यावे लागतील, ते पहाटे वारा पडलेला असताना उरका.

रेक्झिन आजच फेका. जुन्या टी-शर्टचं होजिअरी कापड घ्या, मागे वेल्क्रो लावा, म्हणजे कट म्हटलं की मुखवटा निघाला पाहिजे. डोळ्यांभोवती काजळ फासा, नाहीतर भोकातून कातडीची कड दिसते आणि सगळा रुबाब जातो. मे महिन्यात सकाळी दहानंतर त्या पोराला उन्हात उभं केलंत तर भोवळ येणारच.

तापीकाठ
बिनमुखवट्याचं काय होतं ते मालेगावात दिसलं. फैजा अहमद खानची ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही डॉक्युमेंटरी पाहा. सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावरचा कामगार, आणि ऐन शूटिंगमध्ये त्याचं लग्न! सुपरमॅनचा चेहरा उघडा, मग दुसरा आणणार कुठून?

पारोळेकर
मालेगाव नाशिक जिल्ह्यात येतं.

तापीकाठ
जिल्हा नाशिक, पिच्चरचं वेड आपलं. पुढं बोला.

अमळनेरनी_सून
भो, हिरोनं नाव मात्र सोतानं ठेवा. मनिलावाल्यास्नी बाँड नि बॅटमॅन दोन्ही नावं कोणले न इचारता ली टाकी. आते यूट्यूबवर तसं कर्‍हं त दुसर्‍या दिवशी स्ट्राइक (यूट्यूबनी ताकीद).

केळीबागेचा_वाघ (चोपडा)
नाव ‘मोटारबाबा’ ठरलंय, ते कोणी मागायला येणार नाही. आज टी-शर्ट फाडून पाहिला, पोरगा अर्धा तास टिकला. डुप्लिकेट म्हणून मेव्हणा तयार आहे. चाल जुळते, उंची जुळते, पण पोट बरंच पुढे आहे.

देवपूरचा_शूटिंगवाला (धुळे)
पाठमोराच घ्या. वळला की कट.

अमळनेरनी_सून
आनि झूल मोठी शिवी ल्या.