मनोरुग्णांना पहिला आसरा धर्मानेच दिला, हे मान्य करायला एवढं जड का जातं?

गवतफूल:
"धर्माने मनोरुग्णांचे हालच केले, भूत काढा नाहीतर झोडपा" हे सारखं कानावर येतं. हाल झाले, नाकारत नाही. पण १४०९ मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सियात फादर जोफ्रे प्रवचनाला चालले होते, वाटेत पोरं एका वेड्या माणसाला मारत होती, तर हे मधे पडले, त्याला सोडवलं आणि मग चर्चमध्ये जाऊन त्यावरच बोलले, ऐकणाऱ्यांत व्यापारी होते त्यांनी पैसा उभा केला आणि १४१० मध्ये खास अशा लोकांसाठी हॉस्पिटल सुरू पण झालं. कैरोत तर १२८४ मध्येच कलावूनच्या बिमारिस्तानात, म्हणजे इस्पितळात, त्यांना वेगळी जागा होती, खर्च वक्फच्या उत्पन्नातून. दुसरं कोण करत होतं हे तेव्हा?

मोकळा_श्वास:
कलावून सुलतान होता, म्हणजे सरकारच की! आणि लंडनचं बेथलेम घ्या, मनोरुग्णांचं हॉस्पिटल, मुळात १२४७ चा मठ. १४०३ च्या तपासणीत तिथे बुद्धी गेलेले ६ पुरुष सापडले, आणि त्याच नोंदीत ११ साखळ्या, बेड्यांचे ४ जोड, ६ कुलपं. पुढे १८१४ मध्ये तिथेच नॉरिस नावाचा माणूस कित्येक वर्षं लोखंडात जखडलेला सापडला.
मी हे पुस्तकी बोलत नाहीये. माझ्या मावशीला घरच्यांनी एका धार्मिक ठिकाणी ठेवलं होतं, जागा सांगत नाही. २१ दिवस. परत आली तेव्हा डाव्या घोट्याभोवती काळपट वळं होतं आणि उन्हाळ्यातसुद्धा ती पायात मोजे घालून बसायची. ठेवणारे वाईट नव्हते हो, सेवाच करत होते त्यांच्या मते.

गवतफूल:
मावशींचं वाचून खरंच वाईट वाटलं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. बेथलेमचं मात्र सांगते. साखळ्या पेशंटसाठीच होत्या असं नोंदीवरून नक्की म्हणता येत नाही, आणि नॉरिस सापडला तोवर मठ जाऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाली होती, कारभार शहराच्या गव्हर्नरांकडे. उलट यॉर्कमध्ये बघा, १७९० मध्ये हॅना मिल्स नावाची क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) बाई तिथल्या असायलममध्ये वारली, पंथाच्या लोकांना भेटू दिलं नव्हतं, म्हणून विल्यम ट्यूक आणि क्वेकरांनी १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' नावाची संस्था काढली. बाग, हाताला काम, एकत्र जेवण, आणि साखळ्या बंद. ही माणसं डॉक्टर नव्हती, ट्यूक तर चहाचा व्यापारी.

तिसरी_खिडकी:
गीलचा विषय कसा निघाला नाही अजून? बेल्जियममधलं गाव. संत डिंफनाच्या चर्चला लोक आपले मनोरुग्ण घेऊन यायचे, ९ दिवसांचा विधी असायचा, तो झाल्यावरही बरं वाटलं नाही, किंवा चर्चला लागून असलेली खोली भरली, की गावातली कुटुंबं त्यांना घरी ठेवून घ्यायची. असं शेकडो वर्षं. १८५० नंतर सरकारने ताबा घेतला, पण माणसं राहिली घरांतच, १९३० च्या दशकाच्या शेवटी तीन हजारांवर होती. घरच्यांना आजाराचं नावसुद्धा सांगायची पद्धत नव्हती. मला हे फार आवडतं, कारण तिथे तो पेशंट म्हणून राहतच नाही, घरातला एकजण होतो, शेतावर जातो, पोरांशी खेळतो. विधीने बरं झालं की नाही सोडून द्या, ताटाला ताट लावून जेवायला कोणीतरी होतं.

मोकळा_श्वास:
गील मान्य. पण एरवाडी पण आठवा. ६ ऑगस्ट २००१, तमिळनाडू, दर्ग्याच्या आसऱ्याला आलेल्यांसाठीचं खाजगी होम, आग लागली आणि २८ जण गेले, साखळीला बांधलेले होते, पळणार कुठे? दर्ग्याने बांधलं नाही हे मलाही माहितीय, पण श्रद्धेने आलेल्यांवरच तो धंदा उभा होता. माझा मुद्दा एवढाच आहे की दया देणाऱ्याच्या मनावर असते, ती आटली तर पेशंटने कोणाकडे जायचं? हक्क पाहिजे, कायदा पाहिजे.

गवतफूल:
कायदा हवाच. पण हिटलरच्या जर्मनीत माणसं मारली ती सरकारनेच ना? ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांवर, त्यात मनोरुग्ण आणि अपंग, नुसते फॉर्म बघून कोणाला मारायचं ते ठरवणारे डॉक्टर. ३ ऑगस्टला म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन चर्चमध्ये उभे राहून उघड बोलले तेव्हा किती जण बोलत होते?

मोकळा_श्वास:
बोलले, मोठी हिंमत. पण मारायला बसमध्ये भरून नेलेल्यांत चर्चच्या संस्थांमधलेही होते, तिथले दरवाजे आतूनच उघडले गेले. आणि बिशप बोलल्यावरही गुपचूप मारणं चालूच राहिलं.

तिसरी_खिडकी:
मग संस्था कोणाचीही असो, मी पहिलं एवढंच विचारेन की न सांगता भेटायला येऊ देता का. हॅना मिल्सच्या वेळी तिथेच तर अडलं होतं.

मोकळा_श्वास:
आम्हाला २१ दिवसांत एकदाही आत सोडलं नव्हतं. आई रोज डबा घेऊन फाटकापर्यंत जायची.