मिलिटरीचा पोरींचा फुटबॉल क्लब खरंच असतोय का?

पेठेतला_मामा:
मंडळी एक विचारायचं होतं. माझी भाची अकरावीला हाय, लेफ्ट विंगला खेळती. सकाळी साडेपाचला मैदानावर हजर, बूट थोरल्या भावाचे, पुढं कापूस कोंबून घालती तरी पोरास्नी मागं टाकती. ताईचं म्हणणं बारावीपर्यंत खेळू दे मग बास, खेळून पोट भरतंय का. परवा यूट्यूबवर मोरोक्कोच्या बायकांच्या एका टीमची मॅच बघितली, क्लब म्हणे तिथल्या लष्कराचा. खरं हाय का हे? आणि आपल्याकडं पोरींना असलं काय हाय का, असलं तर ताईला दाखवता येईल.

अर्धा_टाइम:
खरं हाय. एएस फार (AS FAR), मोरोक्कोची राजधानी रबातचा क्लब, 1958 चा. फार म्हणजे तिथल्या शाही सेनेच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरं. बायकांच्या टीमनं 2022 ला आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग मारली, फायनलला दक्षिण आफ्रिकेच्या सनडाउन्स क्लबला 4-0, आणि सनडाउन्स म्हणजे आदल्या वर्षीच्या चॅम्पियन बरं का. ह्याच क्लबची नुहैला बेन्झिना 2023 च्या वर्ल्डकपला हिजाब घालून खेळली, सीनियर वर्ल्डकपात तसं खेळणारी पहिलीच. मॅच दक्षिण कोरियाविरुद्ध होती, मोरोक्को 1-0 नं जिंकलं.
आता गंमत बघा, दक्षिण कोरियातपण मिलिटरीचा बायकांचा क्लब हाय, सांगमू. तिथं पोरांना मिलिटरी सक्तीची, म्हणून भारी भारी प्लेयर दीड वर्ष सांगमूच्या पुरुष टीममधनं खेळून सुटतात. पोरींना सक्ती नाही, त्या रँक घेऊन भरती होतात, म्हणजे पगारी फौजी आणि काम फुटबॉल.

तालीम_एके_तालीम:
आपल्याकडं कोल्हापुरात पाटाकडील-दिलबहार ह्या तालमींच्या टीमची मॅच असली की शाहू स्टेडियमला पाय ठेवायला जागा नसती. पोरींच्या मॅचला आईबाप आणि चहावाला 😄 त्यातला चहावाला पण हाफटाइमला निघून जातोय.

स्टॉपर_बॅक:
हसू नका, मी त्या मॅचा खेळलोय (पोरगीच हाय मी, आमच्याकडं बायका असंच बोलत्यात). आणि कोल्हापूर सिटीची पोरींची टीम 2020 ला बंगळुरात देशाची महिला लीग खेळून आलीय, ते कुणाच्या ध्यानातबी नसंल.
मामा, मोरोक्को राहू दे, एसएसबीचं, म्हणजे सशस्त्र सीमा बलाचं बघा. नेपाळ-भूतान बॉर्डरवरचं दल, आर्मी नव्हे, गृहखात्याखालचं. त्यांची महिला टीम 2019 ला लुधियानात महिला लीगच्या सेमीफायनलपर्यंत गेलती. असल्या दलांत स्पोर्ट्स कोट्यातनं भरती निघती, पण दरवर्षी सगळे खेळ नसत्यात, जाहिरातीत महिला फुटबॉल लिहिलंय का ते आधी बघायचं.
आणि एक, सर्टिफिकेटं! मी एका दलाच्या ट्रायलला रात्रभर जनरल डब्यातनं उभं राहून गेलतो, पहाटे लायनीत लागलो, आणि टेबलवरच्या साहेबांनी कागद उलटापालटा केला, म्हणले ह्यावर शिक्का नाही, पुढचा. बॉलला पाय लागला नाही माझा. नुसतं "सहभागी" लिहिलेला रंगीत कागद चालत नाही, कुठल्या लेवलची स्पर्धा, कुणी भरवली, सही, शिक्का, सगळं लागतंय. भाचीला आत्तापासनं फाइल करायला लावा.

अर्धा_टाइम:
+1 फाइल. आणि उंची, पळणं, मेडिकल हे वेगळंच असतंय, गोल मारला म्हणून कोण सोडत नाही.

पेठेतला_मामा:
ताईला सगळं वाचून दाखवलं. पहिलं वाक्य, "पोरीला बॉर्डरवर पाठवतोस व्हय रे." मग पगार किती असतोय विचारली, म्हणजे ऐकून घेतलंय. आता घरात सर्टिफिकेटं हुडकायचं काम चाललंय, जिल्ह्याचं एक गॅसच्या पुस्तकात घावलं, त्यावर चहाचा गोल डाग हाय पण शिक्का दिसतोय. चालंल का ओ स्टॉपर बॅक?

स्टॉपर_बॅक:
चालंल. लॅमिनेशन तेवढं करू नका, मागं पडताळणीचं काय तरी लिहून घ्यावं लागतंय कधी कधी. आणि बूट घ्या की मामा तिला.